स्विचआधी शिफ्ट मोजा: कीकॅपचे सेट बदलायचे असतील तर कोणता कीबोर्ड?

मेकॅनिकल कीबोर्ड घेताना बहुतेक जण आधी स्विच, म्हणजे बटणाखालची कळ, बघतात: लाल घ्यावा की तपकिरी, आवाज किती, दाब किती. पण पुढे कधीतरी वेगळा कीकॅपचा, म्हणजे बटणांवरच्या टोप्यांचा, सेट चढवायचा मनात असेल, तर स्विचपेक्षा उजव्या शिफ्टची लांबी जास्त महत्त्वाची ठरते. हॉट-स्वॅप, म्हणजे डाग न देता स्विच काढता-घालता येणाऱ्या, बोर्डावरचे सगळे स्विच एका संध्याकाळीत बदलून होतात. शिफ्टची लांबी मात्र जी मिळाली ती कायमची. म्हणून ही तुलना मी लेआउटच्या अंगाने केली आहे.

आधी मापं. साध्या अक्षराच्या बटणाची जागा म्हणजे १ यू, १९.०५ मिलिमीटर. बाकीची बटणं याच मापात मोजतात, आणि मराठीत हा हिशेब फार सोपा आहे: टॅब दीड, कॅप्स लॉक पावणेदोन, डावी शिफ्ट आणि एंटर सव्वादोन, बॅकस्पेस दोन, उजवी शिफ्ट पावणेतीन. सगळ्यात खालच्या ओळीत डावीकडे सव्वाची तीन बटणं, मधे सव्वासहाचा स्पेसबार, उजवीकडे सव्वाची चार. बेरीज बरोबर पंधरा. ही अमेरिकी अ‍ॅन्सी मांडणी, आणि बहुतेक सेट आधी हिच्यासाठी बनतात. उंच एंटर आणि आखूड डावी शिफ्ट असलेली आयएसओ मांडणी घ्यायची असेल, तर सेटमध्ये ती दोन बटणं आहेत का हे प्रत्येक वेळी बघावं लागेल.

काय लगेच बाजूला ठेवायचं

बाजारातले बहुतेक सेट चेरी एमएक्स स्विचच्या अधिक-चिन्हासारख्या दांडीवर बसतात. गेटरॉनचे नेहमीच्या उंचीचे स्विच तसेच आहेत, आणि चुंबकीय स्विचांतही बहुतेकांची दांडी हीच असते. टोप्रे स्विचचे कीबोर्ड, म्हणजे रिअलफोर्स किंवा एचएचकेबी, टायपिंगला सुरेख आहेत, पण त्यांच्यावर हे सेट सहसा बसत नाहीत. लो-प्रोफाइलमध्ये, म्हणजे बुटक्या स्विचांमध्ये, कैल चॉकच्या पहिल्या आवृत्तीला दोन चपट्या खाचा असतात, त्यामुळे तिथेही नाही. दुसऱ्या आवृत्तीला अधिक-चिन्ह आहे, तरी उंच कीकॅप बुटक्या स्विचवर खाली टेकायची शक्यता राहते. सेट जमवायची हौस असेल तर लो-प्रोफाइल घेऊच नका.

टीकेएल की ७५ टक्के?

खरी ओढाताण इथे आहे. टीकेएल म्हणजे टेनकीलेस, आणि टक्के म्हणजे पूर्ण कीबोर्डच्या तुलनेत बोर्डाचा ढोबळ आकार. टीकेएलवर अ‍ॅन्सी मांडणीत ८७ बटणं: पूर्ण कीबोर्डमधून फक्त उजवीकडचा आकड्यांचा गठ्ठा वगळलेला. फिल्कोचा मेजस्टच टीकेएल, लिओपोल्डचा एफसी ७५० आर, कीक्रॉनचा क्यू ३ हे सगळे याच मापाचे. सेटच्या मूळ किटमध्ये काय आहे हे न वाचता घेतलं तरी सहसा चालतं.

७५ टक्क्यांचा बोर्ड टेबलावर जागा कमी घेतो आणि बाणांची बटणंही देतो, म्हणून तो लोकांना आवडतो. मलाही आवडतो. पण बाण आत सरकवायचे म्हणून उजवी शिफ्ट पावणेतीनची पावणेदोन होते आणि स्पेसबारच्या उजवीकडची बटणं बहुधा १ यूची होतात. माझ्या पहिल्या ७५ टक्क्यांच्या बोर्डावर गडद निळा सेट चढवला तेव्हा शिफ्ट, ऑल्ट, फंक्शन आणि कंट्रोल ही चार बटणं जुनी करडीच राहिली. आता बरेच सेट ही बटणं मूळ किटमध्येच देतात. काही अजूनही जोड-किटमध्ये ठेवतात, आणि मूळ किट शिल्लक असताना जोड-किट संपलेलं असणं नवं नाही.

त्याहून छुपी अडचण उंचीची. प्रोफाइल म्हणजे कॅपचा घाट; चेरी प्रोफाइलमध्ये प्रत्येक ओळीची उंची आणि उतार वेगळा असतो. टीकेएलवर पेज अप आकड्यांच्या ओळीत असतं, म्हणून त्याची कॅप सगळ्यात उंच. अनेक ७५ टक्के बोर्डांवर तेच बटण एक ओळ खाली, क्यूच्या ओळीत येतं. तिथे ती उंच कॅप बसवली की बसते व्यवस्थित, पण ओळीवरून बोट फिरवलं की शेवटी पायरी लागते. दिसायला फरक बारीक, हाताला रोज जाणवणारा. डीएसए किंवा एक्सडीए प्रोफाइलमध्ये सगळ्या ओळी एकाच उंचीच्या असतात, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. तुमचा कल तशा सपाट सेटकडे असेल, तर शिफ्ट आणि खालच्या ओळीची मापं सेटमध्ये आहेत एवढं बघून ७५ टक्के बिनधास्त घ्या.

६५ टक्क्यांचंही हेच, फक्त वरची फंक्शनची ओळ नाही. ९६ टक्क्यांत, म्हणजे आकड्यांचा गठ्ठा ठेवून दाटीने बसवलेल्या बोर्डात, भर पडते ती आकड्यांच्या शून्याची: तो दोनऐवजी बहुधा एकाच यूचा असतो.

६० टक्क्यांबद्दल लोकांचा गैरसमज आहे. बोर्ड छोटा म्हणून अवघड वाटतो, पण साध्या ६१ बटणांच्या अ‍ॅन्सी बोर्डावर सगळी मापं नेहमीची आहेत, पावणेतीनच्या शिफ्टसकट. कीकॅपच्या दृष्टीने तो टीकेएलइतकाच सोपा. बाणांवाचून काम चालतं का, एवढंच ठरवा.

अ‍ॅलिस मांडणीत, म्हणजे मधे दुभंगून दोन्ही बाजू कोनात वळवलेल्या बोर्डात, स्पेसबारचे दोन तुकडे, साधारण सव्वादोन आणि पावणेतीन, आणि बीची बटणं दोन. मनगटाला आराम हवा म्हणून घेत असाल तर जरूर घ्या, पण मग सेट बोर्डाला बघून निवडावा लागेल.

दिव्याची दिशा

स्विचमधल्या एलईडीची खाच स्क्रीनकडे असेल तर त्याला नॉर्थ-फेसिंग म्हणतात, आपल्याकडे असेल तर साउथ-फेसिंग. नॉर्थ-फेसिंग बोर्डावर चेरी प्रोफाइलच्या काही ओळींतल्या कॅप स्विचच्या वरच्या कवचाला टेकतात. बटण तळाला जायच्या आतच अडतं, आवाज बोदा येतो. जाड पीबीटी प्लास्टिकचा, कोरीव अक्षरांचा चेरी सेट घ्यायचा असेल तर साउथ-फेसिंगच बघा. उलट, अक्षरांमधून उजेड आरपार यायला हवा असेल तर नॉर्थ-फेसिंग बरा, कारण अशा कॅपवर अक्षर सहसा वरच्या कडेला असतं आणि दिवा थेट त्याच्याखाली येतो.

फोटोवरून ओळखायचं कसं

मापं लिहिलेली नसली तरी वरून काढलेला एक सरळ फोटो पुरतो. स्पेसबारच्या दोन्ही कडा वरच्या ओळीशी ताडून बघा. डावी कड एक्सच्या बरोबर मध्याखाली आणि उजवी कड स्वल्पविरामाच्या बटणाच्या पाऊण भागावर आली, तर स्पेसबार सव्वासहाचा. उजवी कड स्वल्पविराम पूर्ण ओलांडून त्याच्या शेवटाशी जुळली, तर तो साडेसहाचा: कोर्सेरच्या जुन्या के ७० वर असाच होता, आणि त्यासाठी सेट शोधणं फार जिकिरीचं. डावी कड एक्सच्या पाऊण भागावर आणि उजवी पूर्णविरामाच्या पाऊण भागावर असेल तर तो ७ यूचा. त्याच्या दोन टोकांच्या स्टॅबिलायझरमधलं (लांब बटण डुगडुगू नये म्हणून असलेल्या आधारांमधलं) अंतर ११४.३ मिलिमीटर, सव्वासहाच्या स्पेसबारचं १००, त्यामुळे एकाची कॅप दुसऱ्यावर बसत नाही. मग नजर उजव्या शिफ्टवर न्या. तिच्या शेजारी बाण चिकटलेला दिसला, तर ती पावणेदोनची धरा आणि सेटच्या यादीत आधी तीच शोधा.