उंबऱ्याशी मोजलेले तीन आकडे

‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ ही १६ भागांची कोरियन मालिका २०२२ साली नेटफ्लिक्सवर आली तेव्हा मी ती मुद्दाम टाळली होती, कारण पडद्यावरचे स्वमग्न (ऑटिस्टिक) पात्र म्हणजे एक तर बुद्धीचा चमत्कार किंवा नुसता आरडाओरडा, असाच माझा अनुभव होता. आता बहिणीच्या आग्रहावरून, तिच्या स्वमग्न मुलाच्या शेजारी बसून ती पाहिली, आणि पार्क उन-बिन या अभिनेत्रीच्या कामाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

स्वमग्न माणसांच्या बाबतीत अनेकदा आवाज, उजेड, स्पर्श, वास हे सगळे एकदम अंगावर येते आणि त्यातले काहीच बाजूला सारता येत नाही, असा हा संवेदनांचा अतिभार असतो. तो फुटला की सगळ्यांना दिसतो. साचत असताना मात्र घरच्यांच्याही लक्षात येत नाही. पार्क उन-बिन नेमके ते साचणे दाखवते. तिने साकारलेली स्वमग्न वकील वू यंग-वू मेट्रोत हेडफोन लावून व्हेलचे आवाज ऐकते, खोलीत शिरण्यापूर्वी उंबऱ्याशी थबकून बोटांवर तीन आकडे मोजते, आणि जेवायला किंबापच (समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भाताचा रोल) घेते, कारण त्यातले सगळे जिन्नस आधी दिसतात आणि जिभेला अनपेक्षित काही लागत नाही. परक्याला या लकबी वाटतील. आमचा भाचा लग्नाच्या हॉलबाहेर चपलांच्या ढिगापाशी असाच बोटे चोळत उभा राहतो, आणि मागून कोणीतरी “चल रे, हट्ट नको” म्हणत त्याला आत लोटते. तेवढे मिनिटभर थांबू दिले तर तो पंगतीत बसून जेवतो; नाही तर अर्ध्या तासाने कान दाबून टेबलाखाली सापडतो.

अकराव्या भागात डोळ्यांदेखत अपघात घडतो आणि यंग-वूचा धीर पूर्ण सुटतो. सहकारी ली जून-हो तिला घट्ट मिठीत धरतो, आणि त्या दाबानेच ती शांत होत जाते. हे खरे आहे. पण सर्वांनाच मिठी चालत नाही. भाच्याला जाड गोधडीत गुंडाळलेले आवडते, माणसाचा हात नको असतो. ही बाजू मालिकेने सांगायला हवी होती.

माझी मोठी तक्रार ध्वनीबद्दल आहे. तिला युक्तिवाद सुचला की पडद्यावर व्हेल झेपावतो, इतका खर्च तिच्या बुद्धीवर केला आहे. तिच्या कानांत शिरणारा कल्लोळ मात्र प्रेक्षकाला फारसा ऐकवलेला नाही. अशा भूमिका स्वमग्न कलावंतांनाही मिळाल्या पाहिजेत, हेही मला मनापासून वाटते.

तरीही मालिका जरूर पाहावी, आणि मूळ कोरियन आवाजातच, कारण यंग-वूच्या बोलण्याची लय हा अभिनयाचा अर्धा भाग आहे. कार्यालयाच्या फिरत्या दारातून तिला जाता येत नाही, तेव्हा जून-हो तिला वॉल्ट्झ या तीन ठेक्यांच्या युरोपीय नृत्याच्या तालावर पाऊल टाकायला शिकवतो. तो प्रसंग भाच्याने तीनदा मागे घ्यायला लावला, आणि तिसऱ्या वेळी आपल्या मांडीवर हलकेच ठेका धरला.