हद्दवाढ की प्राधिकरण? उमेदवाराला विचारून घ्या

1972 साली कोल्हापूरची महापालिका झाली ती नगरपालिकेच्याच हद्दीवर. पुढं कित्येक दशकं ती रेघ हलली नाही. शेजारची गावं शहरात घेऊन ‘हद्दवाढ करू’ म्हणणाऱ्या उमेदवाराला आधी विचारा, ड्रेनेजचा पैसा कुठला? शहरालगतच्या उचगाव-पाचगावचा घरफाळा वाढणार टप्प्याटप्प्यानं, गटारी मात्र पहिल्याच पावसाळ्यात तुंबणार. गावांचा विरोध उगाच नाही.

‘हद्दवाढ नको, शहराभोवतीच्या गावांसाठीचं विकास प्राधिकरणच पुरेसं’ हे सांगायला सोपं. 2017 पासून 42 गावांचे बांधकाम परवाने तिकडं. कचरा उचलणं मात्र ग्रामपंचायतीच्याच गळ्यात. नकाशात प्लॉटपुढं रस्ता रुंद, जाग्यावर चिखलातली चाकोरी. परवाना देणारा एक, निस्तरणारा दुसरा, इथंच घोडं अडतं.

आमचा कौल हद्दवाढीला. पण आधी जलवाहिनी, मग घरफाळ्याचं बिल.