खैरमोड्यांचे बारा खंड: कोणी घ्यावेत आणि कसे वाचावेत

बाबासाहेबांचं चरित्र पहिल्यांदाच वाचणार असाल तर चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्या खंडांपासून सुरुवात करू नका, धनंजय कीर घ्या. पण एखादी घटना मुळातून तपासायची असेल तर या बारा खंडांना मराठीत तोड नाही.

खैरमोडे साताऱ्याकडचे, पाचवडचे. प्राध्यापकी नव्हती. मुंबईत सचिवालयातली नोकरी सांभाळून त्यांनी पत्रं, ठराव, कात्रणं आणि सहकाऱ्यांच्या आठवणी जमवल्या. पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेब हयात असताना निघाला. १९७१ मध्ये खैरमोडे गेले, तेव्हा बरेच खंड छापायचे राहिले होते. ते नंतर आले, त्यामागे पत्नी द्वारकाबाईंची चिकाटी होती. हे नाव विसरू नये.

खरं मोल आहे ते लांबलचक उताऱ्यांचं. त्यांनी कथन अडतं, कंटाळाही येतो, तरी ती पानं गाळू नका. अडचण वेगळीच आहे: आठवण आणि कागद शेजारी शेजारी येतात, आणि लेखकाची भक्ती लपत नाही. म्हणून प्रत्येक तारखेपाशी समासात पेन्सिलीने ‘प’ (पत्र), ‘व’ (वर्तमानपत्र) किंवा ‘आ’ (आठवण) अशी खूण करा. नुसत्या ‘आ’वर विसंबू नका.

येरवडा तुरुंगातल्या गांधीजींच्या उपोषणातून झालेल्या पुणे कराराचंच उदाहरण घ्या. तो भाग वाचण्याआधी २४ सप्टेंबर १९३२ च्या कराराची कलमं समोर ठेवा: प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा, त्यांत सिंधसह मुंबई इलाख्याच्या १५, आणि प्रत्येक जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनीच निवडायचे चार उमेदवार, मग त्यांतून एक सर्व मतदारांनी मिळून निवडायचा. त्याआधीच्या जातीय निवाड्यात, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या निर्णयात, जागा ७१ होत्या, पण मतदारसंघ स्वतंत्र, म्हणजे अस्पृश्यांचे प्रतिनिधी फक्त अस्पृश्यांनीच निवडायचे. हा सौदा आकड्यांत कळला की वाटाघाटीतली ओढाताण उलगडते.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुना संच मिळाला तर एकेक खंड उघडून बघा. फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेला पानांचा गठ्ठा, सहसा १६ पानांचा असतो. तो सुटला किंवा दोनदा शिवला गेला की पान क्रमांक उडी मारतात, म्हणून क्रमांक सलग तपासा. शिवणीपाशी कसर लागली आहे का, तेही पाहा. संचात वेगवेगळ्या आवृत्त्या मिसळलेल्या असतील तर चालेल, फक्त टिपण काढताना खंड आणि पानासोबत आवृत्तीचं सालही लिहा, नाहीतर दुसऱ्याला तो उतारा सापडणार नाही.