स्टेशनाजवळचे पोळीभाजी केंद्र आणि बारा रुपयांची पोळी

डोंबिवली पूर्वेला स्टेशनापासून पाच मिनिटांवर असलेल्या एका पोळीभाजी केंद्रातून मी गेली तीन वर्षे जवळजवळ रोज पोळ्या घेते. संध्याकाळी साडेसातनंतर लोकलमधून उतरलेल्या बायकांची तिथे रांग लागते. पोळी घडीची असते, तिचे पदर सुटतात आणि डब्यात झाकून ठेवली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहते. सुक्या भाज्या आणि मटकीची उसळ चांगली असते. रस्साभाजीत मात्र तेल फार असते, ती घेऊ नये.

आमच्या चौघांना रात्री बारा पोळ्या लागतात. एका पोळीचे 12 रुपये, म्हणजे दिवसाचे 144 आणि महिन्याचे 4,320 रुपये. विकतच्या पोळीत माया नसते, असे सासूबाईंचे म्हणणे होते, पण हा हिशेब मी वहीत मांडून दाखवला तेव्हा त्या बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे मी चाळीस वर्षं एवढं कमावत होते?”

त्यांचा प्रश्न अर्थशास्त्रातही जुनाच आहे. एखाद्या पुरुषाने आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्ये दाखवून दिले होते. स्वयंपाक तोच राहतो, फक्त पगार थांबतो. केंद्रातली पोळी म्हणूनच देशाच्या हिशेबात धरली जाते आणि सासूबाईंची धरली गेली नाही. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जातो, तर ते करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटे. या तफावतीला नुसते माया म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

पोळ्यांचा तो तास आता माझा आणि मुलीचा आहे. पूर्वी मी ओट्याशी उभी असताना ती शाळेतले सगळे माझ्या पाठीकडे बघून सांगत असे. आता आम्ही समोरासमोर बसतो. मला या सेवेचा सर्वांत मोठा लाभ हाच वाटतो.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. इथे पोळ्या लाटणाऱ्या मावशींना मी एकदा विचारले, तेव्हा कळले की दिवसभर शेकडो पोळ्या लाटून रात्री नऊला घरी गेल्यावर आपल्या घरच्या पोळ्याही त्याच लाटतात. माझा तास मोकळा झाला होता, त्यांचा नव्हता. केंद्राच्या मालकीणबाईंकडे मी हा विषय काढला, आणि तो बहुधा माझ्याआधीही कोणी काढला असावा, कारण गेल्या दिवाळीपासून तिथल्या पाचही जणी निघताना प्रत्येकी दहा पोळ्या घरी नेतात आणि त्याचे पैसे पगारातून कापले जात नाहीत. त्यानंतर पोळी एक रुपयाने महागली. रांगेतल्या कोणीही त्याबद्दल तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही.