घरी पडून असलेल्या माणसासाठी एजन्सीचा माणूस, गावातली बाई का सरकारी सोय?

मागच्या वर्षी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारला, तेव्हापासून नात्यातले, शेजारचे सगळे येऊन हेच विचारतात की सेवेला माणूस कुठून आणला आणि सरकार काही देते का. आम्ही यवतमाळच्या आर्णी तालुक्यात राहतो, तिन्ही करून पाहिलं, म्हणून सांगते.

आधी सरकारी पैशाचं, कारण गैरसमज तिथंच जास्त आहे. 70 च्या वरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड निघते, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत इलाज होतो. पण तो दवाखान्यात भरती असताना. घरी आणल्यावर सेवेच्या माणसाचा पगार, डायपर, हवेची गादी हे सगळं आपल्याच खिशातून. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे महिन्याला 1500 येतात, पण त्याला वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत लागते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे 3000 एकदाच मिळतात, आम्ही त्यात कमोडची खुर्ची घेतली, तिचा खरंच उपयोग झाला.

केरळात 2008 पासून असं धोरण आहे की पंचायत पैसा घालते आणि नर्स घरोघरी जाऊन पडून असलेल्यांना पाहते. आपल्याकडंही वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून आहे आणि अंथरुणावरच्या माणसाला आरोग्य केंद्रातून घरी येऊन पाहणं त्यात बसते, फक्त मागावं लागते. आम्ही आशाताईला घेऊन उपकेंद्रात गेलो, नाव लिहून आलो, मग सीएचओ मॅडम, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी, आल्या, बीपी शुगर पाहिली, पाठीची जखम कशी पुसायची ते दाखवलं. फुकट आणि चांगलं काम. पण रात्री दोन वाजता कूस बदलायला त्या थोडीच येणार.

आता एजन्सी. नागपूरच्या एका एजन्सीनं 24 तासांच्या माणसाचे महिन्याला 22 हजार सांगितले, वरून डिपॉझिट, जेवण आपलं. पोरगा हुशार होता, नाकातल्या नळीतून भरवणं, लघवीची पिशवी, एकट्यानं उचलून बसवणं सगळं यायचं त्याला. पण मे महिना, कूलरला पाणी नाही, लाईट जाऊन राहिली, नवव्या दिवशी तो निघून गेला आणि बदली माणूस काही आलाच नाही, डिपॉझिट पण बुडालं. तक्रार कुठं करायची तर या एजन्सींसाठी वेगळी अशी जागाच नाही. ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा कायदा आहे, त्यात दुरुस्ती करायचं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडलं होतं, घरी सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी आणि किमान दर्जा त्यात होता, पण ते पास झालं नाही. मला याचं फार वाईट वाटते, कारण खेड्यातला माणूस पैसे देऊनही असा वाऱ्यावर पडतो. म्हणून बदली माणूस किती दिवसात, डिपॉझिट परत कधी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, पोलीस पडताळणी हे चारही पैसे द्यायच्या आधी कागदावर लिहून घ्या.

गावातली बाई आम्हाला फक्त दिवसापुरती, महिन्याला 9 हजारात मिळाली, गल्लीतल्याच काकू. नळी लावणं त्यांना जमत नव्हतं, पण मामाजी त्यांच्या हातून जेवायचे, पोराच्या हातून तोंड फिरवायचे. दर दोन तासाला कूस बदलायचं त्या एकदाही विसरल्या नाही. रात्र आम्ही दोघं वाटून घ्यायचो, हे धरूनच चाला, कारण रात्रीला गावात कोणी थांबत नाही.

माझं मत असं, नळी किंवा खोल जखम असेल तर पहिले पंधरा-वीस दिवस एजन्सीचा माणूस घ्या आणि त्याच्याजवळ गावातली बाई बसवून तिला सगळं शिकवून घ्या, मग त्याला सोडा. नळी निघाली असेल, नुसतं भरवणं-पुसणं असेल तर सरळ गावातली बाई, वरून महिन्यातून एकदा सीएचओ मॅडम. म्हातारे दोघंच घरात आणि पोरं पुण्याला असतील तर मात्र यातलं काहीच पुरत नाही, घरातलं एक माणूस जवळ पाहिजेच. भाऊ खर्चाला हात लावत नसेल तर त्याच 2007 च्या कायद्यात आईवडील उपविभागीय अधिकाऱ्याकडं अर्ज करू शकतात, महिन्याला 10 हजारांपर्यंत लावून मिळते. 14567 या हेल्पलाईनवर आधी विचारून घ्या.

अजून एक, बाईशी पगार दसऱ्याच्या आधीच ठरवा. कापूस फुटला की वेचणीला किलोवर पैसे मिळतात, तेव्हा 9 हजारात कोणी घरात बसत नाही, आम्ही ते दोन महिने 12 हजार दिले म्हणून काकू राहिल्या.