दुसरी बॅटरी: चार्जर चांगला, बॅटरी चांगली, पण तो लाल बटणवाला ब्रेकर!

आधीच सांगते, चार्जरवर माझा राग नाहीये, बॅटरीवर तर अजिबात नाही. राग आहे तो गाडीत दुसरी बॅटरी बसवायच्या किटसोबत आलेल्या ५० अँपिअरच्या ब्रेकरवर (करंट जास्त झाला की सर्किट तोडणारा), ती काळी डबी आणि वर लाल बटण असतं ना, तो. अख्ख्या सेटअपमधली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि कित्येक महिने डोकं खाल्लं ते तिनेच.

सेटअप नेहमीचाच आहे. मूळ बॅटरी बॉनेटखाली, मागे डिकीत १०० एएचची (अँपिअर-तास) एजीएम डीप सायकल, म्हणजे खोलवर उतरवता येणारी सीलबंद लेड बॅटरी, तिच्याजवळ २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, जो मूळ बॅटरीकडून करंट घेऊन मागची भरतो, आणि लोड म्हणजे कॉम्प्रेसरवाला फ्रीज, एलईडी पट्ट्या, फोन. दुसरी बॅटरी कशाला लागते हे समजवत बसत नाही, रात्रभर फ्रीज चालवून सकाळी सेल्फ मारला आणि गाडीने नुसतं टकटक केलं की ज्याचं त्याला कळतं.

सुरुवातीला मला हा चार्जरच वायफळ खर्च वाटायचा. व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या जोडणारा साधा रिले (आपोआप चालणारा स्विच) मिळतो, १३.३ व्होल्टच्या आसपास जोडतो, १२.८ ला तोडतो, विषय संपला, मग एवढा महागाचा डबा कशाला? जुन्या गाडीला आजही मी रिलेच सांगेन. पण माझ्या गाडीत स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा, व्होल्टेज स्वतः कमी-जास्त करणारा) आहे, आणि मीटर लावून बघितल्यावर माझं मत पार फिरलं. मूळ बॅटरी भरली की डिझेल वाचवायला अल्टरनेटर व्होल्टेज खाली आणतो, हायवेवर निवांत चाललेय आणि मीटर दाखवतोय साडेबारा व्होल्ट, उतारावर पाय काढला की झटकन १५ च्या जवळ. अशा गाडीत रिले नुसता जोड-तोड करत बसणार आणि मागची एजीएम, जिला पूर्ण भरायला १४.४ च्या पुढे व्होल्टेज टिकून लागतं, ती अर्धवटच राहणार. डीसी-डीसी चार्जर येईल ते व्होल्टेज घेतो आणि मागे बॅटरीला हवं तेवढंच देतो. हां, त्याला इग्निशनची बारीक वायर जोडावीच लागते, नाहीतर व्होल्टेज पडलं की त्याला वाटतं गाडी बंद झाली.

आता ब्रेकर. किटमध्ये तो मूळ बॅटरीच्या शेजारी बॉनेटखाली लावायला दिलेला. जागा बरोबरच आहे, कारण फ्यूज किंवा ब्रेकर वायरला वाचवायला असतो आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितकं चांगलं. दोन्ही टोकांना बॅटरी आहे म्हणजे दोन्ही टोकांना हवा, हे पण लक्षात ठेवा, बरेच जण पुढे लावतात आणि मागे विसरतात.

तर हायवेवर सगळं छान. पण लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचे हळू, जोरकस गिअर) चढ, दगडधोंडे, गाडी मुंगीच्या गतीने चाललीय, इंजिन तापलंय, हवा खेळत नाहीये, की थोड्या वेळाने चार्जिंग बंद. मुक्कामी पोचायचं, फ्रीज रात्रभर चालणार, सकाळी बॅटरी १२.१ वर. बॉनेट उघडून बघेपर्यंत गार झालेलं असायचं, उडालेला ब्रेकर परत जोडला की लगेच चालू. इलेक्ट्रिशियनला दाखवायला नेलं की गाडी गुणी बाळ, काहीच बिघाड नाही.

विकणाऱ्याशी मग पत्रव्यवहार सुरू. नाव घेत नाही. पहिलं उत्तर, तुमची बॅटरी गेली. बॅटरी लोड टेस्ट करून आणली, ठणठणीत. दुसरं उत्तर, चार्जर पाठवा. पाठवला, बरेच आठवडे तिकडे पडून होता, मग "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी घेऊन परत आला, कुरिअरचे पैसे माझे. तिसरं उत्तर, वायर जाड घाला. वायर त्यांच्याच किटमधली होती!!

शेवटी गाडी चालू ठेवली, चार्जर पूर्ण जोरात असताना मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवला आणि एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना प्रोब लावत गेले. जिथे व्होल्ट दिसेल तिथे वीज वाया जातेय. थिंबलवर (वायरच्या टोकाची धातूची टोपी) काही नाही, अर्थवर (निगेटिव्हचा जोड) काही नाही, आणि त्या ब्रेकरच्या या बोल्टपासून त्या बोल्टपर्यंत जवळजवळ अर्धा व्होल्ट! चांगल्या बोल्टवाल्या फ्यूजवर एवढ्या करंटला हेच फार तर काही डझन मिलिव्होल्ट दिसतं. २५ अँपिअर मागे द्यायचे तर चार्जर पुढून ३० च्या आसपास ओढतो, म्हणजे अर्धा व्होल्ट गुणिले ३० असे १५ वॅट त्या काडेपेटीएवढ्या डबीत नुसते उष्णतेत चालले होते. हा प्रकारच मुळात उष्णतेवर ट्रिप होणारा, आतली पट्टी तापून वाकली की सर्किट तुटतं. आतून स्वतः तापणार, बाहेरून इंजिन तापवणार, मग ५० लिहिलेला ब्रेकर ३० ला उडणार नाही तर काय करणार.

हे सगळं फोटोसकट पाठवलं तर उत्तर आलं की ब्रेकर वॉरंटीत येत नाही, तरी सदिच्छा म्हणून एक नवीन पाठवतो. आला. तस्साच, त्याच डबीत. जोडून मोजला, थोडा बरा, पण इंजिन गार असतानाच हाताला गरम लागायला लागला, काढून टाकला. आता चार्जरच्या पुस्तिकेत दिलेल्या रेटिंगचा बोल्टवाला मिडी फ्यूज (गाडीतल्या जाड वायरींसाठीचा एक प्रकार) लावलाय, झाकणासकट. तेव्हापासून त्याच चढांवर एकदाही चार्जिंग थांबलेलं नाही. चार्जरला मी आधी दोन स्टार दिलेले ते आता चार करतेय, बिचारा दुसऱ्याच्या पापाची शिक्षा भोगत होता. सगळे ब्रेकर टाकाऊ असं म्हणत नाही, नामवंत कंपन्यांचे चांगले असतात, पण दिसायला अगदी सारखे नकली इतके झालेत की लावल्यावर मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

वायरचं पण बोलते, कारण तिथेही चलाखी चालते. गाडीच्या वायरीत "६ एमएम" लिहिलेलं असतं ते कित्येकदा इन्सुलेशनसकट बाहेरचा व्यास असतो, आत तांबं साडेचार स्क्वेअर एमएमच्या आसपास. बॉनेटपासून डिकीपर्यंत चार मीटर धरा, अर्थची वायरही मागपर्यंत ओढली असेल तर जाऊन-येऊन आठ, तर खऱ्या ६ स्क्वेअर एमएममध्ये सुद्धा ३० अँपिअरला पाऊण व्होल्टच्या जवळपास ड्रॉप येतो, म्हणजे तेवढं व्होल्टेज वाटेतच हरवतं, आणि १६ मध्ये पाव. किटमधली १६ ची खरी निघाली, सोलून बघितली, एवढं श्रेय देते.

आणि नवीन गाडीत मूळ बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर चिमुकला सेन्सर असतो, करंट मोजणारा. आपली अर्थ थेट त्या निगेटिव्हवर कसायची नाही, चॅसीवर (गाडीचा लोखंडी सांगाडा) घ्यायची, नाहीतर सेन्सरला आपला करंट दिसतच नाही आणि अल्टरनेटरचं गणित चुकतं. हे किटच्या कागदावर एका ओळीत, बारीक अक्षरात.

एजीएमबद्दल फार तक्रार नाही. जड आहे, तीस किलोच्या आसपास, पट्ट्याने नाही तर लोखंडी क्लॅम्पने बोल्ट करा, खडखडाटात सुटली तर आत बसलेल्यांची काही खैर नाही. अर्ध्याच्या खाली, म्हणजे लोड काढल्यावर १२.२ च्या खाली, वारंवार उतरवू नये. फ्रीज दिवसाला उन्हाप्रमाणे २५ ते ५० एएच खातो, म्हणजे एक रात्र आरामात, दोन रात्री जागेवरच थांबलात तर जीव टांगणीला. आणि शेवटचे वीस टक्के भरायला लेड बॅटरी फार रडवते, तास दोन तास गाडी फिरवून ती कधीच शंभरला जात नाही, म्हणून घरी आल्यावर मी तिला मेन्सच्या चार्जरवर रात्रभर ठेवते.

इन्व्हर्टर (१२ व्होल्टवरून घरच्यासारखी वीज देणारा) एकदा लावून काढला. काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी अर्धा-एक अँपिअर खात होता, म्हणजे दिवसभरात छोट्या फ्रीजची सोय झाली असती. लॅपटॉपला १२ व्होल्टवरचा चार्जर घेतला, प्रश्न मिटला.

लिथियम बॅटरी घ्यायची का असं दोघा-तिघांनी विचारलंय. हलकी आहे, जवळपास पूर्ण रिकामी करता येते, भरते पण पटापट. फक्त बॉनेटखालच्या उष्णतेत ठेवायची नाही आणि शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नाही. माझा चार्जर लिथियमवर सेट करता येतो, वायर पुरते, फ्यूज पुरतो, म्हणजे उद्या नुसती बॅटरी बदलली की झालं. पण ही एजीएम अजून चांगली चाललीय, चालती बॅटरी काढून टाकायची माझी छाती होत नाही. ती मरेल तेव्हा बघू.