ई-२ एन्झाइमच्या कुपीत लायसोझाइम: पैसे सोडण्याआधी हे तपासा

यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका कॉलेजात मार्चअखेरीला, ग्रँट परत जाऊ नये म्हणून घाईघाईत, यूबीई२डी३ या मानवी ई-२ एन्झाइमच्या (युबिक्विटिन हे छोटं प्रोटीन ई-१ एन्झाइमकडून घेऊन पुढे दुसऱ्या प्रोटीनांना लावण्यासाठी नेणारं एन्झाइम) १०० मायक्रोग्रॅमच्या दोन कुप्या मागवल्या गेल्या. कोटेशनवर लिहिलं होतं: रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं), हिस्टिडिन टॅग (ओळखीसाठी जोडलेला छोटा तुकडा) लावलेलं, शुद्धता ९५ टक्क्यांवर. दर बाकीच्या दोन कोटेशनांच्या निम्म्याच्या आसपास, 'नागपूरला रेडी स्टॉक', आणि पूर्ण रक्कम आगाऊ. कुपीत निघालं लायसोझाइम. अंड्याच्या पांढऱ्यातलं हे प्रोटीन ग्रॅमच्या भावात मिळतं.

पार्सल नागपूरहून एसटीने आलं, एप्रिलच्या उन्हात. थर्माकोलच्या डब्यात तळाला पाणी होतं आणि कुप्यांची लेबलं ओली. इथेच थांबायला हवं होतं. ड्राय आइस उणे ७८ अंशांवर सरळ वायू होतो, मागे थेंबही ठेवत नाही; पाणी दिसलं की साधा बर्फ भरलेला. शिवाय ड्राय आइसच्या डब्यावर यूएन १८४५ हा क्रमांक आणि भरलेलं वजन लिहिलेलं असतं. असा डबा दोघातिघांसमोर, व्हिडिओ काढत फोडावा आणि तिथेच पंचनाम्यासारखा कागद करून सह्या घ्याव्यात.

फसवणूक लगेच ध्यानात आली नाही याचं कारण नीट समजून घ्या. २८० नॅनोमीटरला रीडिंग छान आलं, कारण लायसोझाइममध्ये ट्रिप्टोफॅन भरपूर, त्यामुळे ते तिथे जोरात प्रकाश शोषतं. प्रोटीनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर एकच स्वच्छ बँड दिसला. शुद्ध होतंच ते, फक्त दुसरं प्रोटीन होतं! यूबीई२डी३ सुमारे १६.७ किलोडाल्टनचं, टॅग धरून १८ च्या आसपास, लायसोझाइम १४.३. बारा टक्क्यांच्या जेलवर, १५ च्या मार्करजवळ, एवढा फरक सहज निसटतो. पंधरा टक्क्यांचं जेल घ्या आणि शेजारच्या लेनमध्ये खात्रीचं ई-२ चालवा.

खरी परीक्षा थायोएस्टरची, म्हणजे ई-२ आणि युबिक्विटिन यांच्यात गंधकातून जुळणाऱ्या बंधाची. ई-२ च्या सक्रिय जागी सिस्टीन असतं (यूबीई२डी३ मध्ये ८५ व्या जागी) आणि ई-१ कडून आलेलं युबिक्विटिन तिथेच चिकटतं. २० मायक्रोलिटरमध्ये ई-१ १०० नॅनोमोलर, ई-२ २ मायक्रोमोलर, युबिक्विटिन २० मायक्रोमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर, एटीपी २ मिलिमोलर, हेपेस ५० मिलिमोलर, पीएच ७.५. ३७ अंशांवर १० मिनिटं ठेवून दोन भाग करा. एकात डीटीटी (हा बंध तोडणारं रसायन) नसलेला लोडिंग डाय घाला आणि तो उकळू नका. दुसऱ्यात डीटीटी घालून उकळा. पहिल्या लेनमध्ये १८ च्या वर, २६-२७ ला नवा बँड हवा. डीटीटीच्या लेनमध्ये तो गेला पाहिजे. सोबत एटीपीशिवायची एक नळी हवीच. सगळ्याला मिळून दोन-तीन मायक्रोग्रॅम ई-२ पुरतं. स्टोरेज बफरमधला डीटीटी अभिक्रियेत जास्त आला, तर थायोएस्टर तुटतो आणि चांगल्या मालावर उगीच आळ येतो, एवढं सांभाळा.

वरचा बँड आलाच नाही, तेव्हा विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: 'सर, तुमच्याकडच्या उन्हाने एन्झाइम मेलं.' विदर्भाच्या कॉलेजाला हे पटकन पटतं, म्हणूनच ते जास्त घातक आहे. उन्हाने क्रिया जाते, वजन बदलत नाही. मेलेलं ई-२ सुद्धा जेलवर १८ लाच दिसणार, आणि टॅग शाबूत असेल तर तो टॅग ओळखणाऱ्या अँटी-हिस ब्लॉटवरही उमटणार. इथे दोन्ही नव्हतं. मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर मायक्रोकॉकसच्या गढूळ द्रावणात कुपीतला थेंब टाकला, तर काही मिनिटांत नळीपलीकडचं लेबल वाचता यायला लागलं. जिवाणूची भिंत फोडणारं लायसोझाइम असंच वागतं.

कागदांत तर सगळं आधीच दिसत होतं. डेटाशीटवरचा जेलचा फोटो दुसऱ्याच कंपनीच्या शीटमधून उचललेला. लॉट नंबर उत्पादकाला ईमेलने विचारला असता, तर तो त्यांचा नाही हे कळलं असतं. जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, १५ अक्षरांचा, खराच होता. पण पोर्टलवर त्या नावाचा धंदा स्टेशनरीचा, आणि बँक खातं तिसऱ्याच माणसाचं. ही तपासणी क्लार्कवर न टाकता विषय शिकवणाऱ्यानेच करावी, असं आमचं ठाम मत आहे.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. एक कुपी न उघडता, लेबलसकट, डीप फ्रीझरमध्ये ठेवा, पुरावा तोच.

पुढच्या ऑर्डरवर हे वाक्य घाला: 'माल ड्राय आइसमध्ये यावा; त्या लॉटचा थायोएस्टर चाचणीचा जेल सोबत असावा; रक्कम आमच्या चाचणीनंतर ३० दिवसांत दिली जाईल.'